पुढच्या कोपऱ्यातली कुपी

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण आमच्या कॅनडातल्या थंडर बेमध्ये एका बाईनं स्वतःच्या एकटीच्या सभेत ठराव मांडला, मतदान घेतलं, आणि ती हरली. हवी तर पैज लावा. सभा अगदी नियमानं झाली होती. महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळचे साडेनऊ, तळघरातलं टेबल, इतिवृत्ताची वही उघडी, आणि बशीत गुलाबी आयसिंगचा एक पर्शियन, म्हणजे आमच्या गावचा गोड पाव, जो अध्यक्षांनी मागवला आणि कर्मचाऱ्यांनी खाल्ला. अध्यक्ष लोरीन माकेला. सचिव लोरीन माकेला. मालकीण लोरीन माकेला. कर्मचारी, एकूण संख्या एक, लोरीन माकेला, नोंदणीकृत नर्स, वय एकसष्ट, काम म्हाताऱ्यांचे पाय बघण्याचं. अकरा वर्षांत ही सभा एकदाही चुकली नव्हती. पहिल्या वर्षी ती स्वतःशीच हसायची, खुर्ची बदलून बसायची, अध्यक्षांच्या आवाजात कर्मचाऱ्यांना वेळेवर येण्याबद्दल चार शब्द सुनवायची. पुढे हसू गेलं, सभा राहिली. इस्पितळात असताना वर कुणीतरी असायचं. त्याला शिव्या घालता यायच्या, त्याच्यावर ढकलता यायचं, आणि तो आहे म्हणून हात आपोआप नीट चालायचे. एकटीनं काम करायला लागल्यावर हा वरचा माणूस घरातच कुठेतरी बसवून ठेवावा लागतो. लोरीननं त्याला तळघरातल्या त्या टेबलाशी बसवला होता आणि तो जागा आहे असं ती धरून चालली होती.

तो जागा नव्हता हे तिला ऑक्टोबरातल्या एका बुधवारी सकाळी कळलं, हातात कॉफीचा मग असताना. जिन्याखालच्या फळीवर पावाच्या डब्याएवढी एक उबदार पेटी होती आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढ्या दोन कुप्या उभ्या होत्या. लोरीनच्या पकडी, कानशी, चिमटे कागदी पुड्यांत बंद होऊन ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राच्या, वाफेत जायचे. दर मंगळवारी त्यांच्याबरोबर एक कुपीही जायची. कुपीत चिवट पण निरुपद्रवी जंतू. वाफेनं ते मेले की पाणी जांभळं राहतं. जगले तर दिवसभरात पिवळं होतं. शेजारची दुसरी कुपी वाफेत न गेलेली, नुसती ताडून बघण्यासाठी. ती पिवळी व्हायचीच. अकरा वर्षं दर बुधवारी तिनं एक पिवळी आणि एक जांभळी पाहिली होती, आणि वहीत 'पास' लिहून वर जाऊन टोस्ट भाजला होता. त्या बुधवारी दोन्ही पिवळ्या होत्या. जुळ्या बहिणींसारख्या. तिला आधी वाटलं, दिवा पिवळा आहे. तिनं पेटी वर स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेली. बाहेर 'झोपलेला राक्षस' म्हणतात त्या डोंगराच्या छातीवर ढग बसले होते, सरोवर पत्र्यासारखं पडलं होतं, आणि त्या करड्या उजेडात दोन्ही कुप्या लोण्यासारख्या पिवळ्या, शांत. आपण भीतीनं ओरडू असं माणसाला वाटत असतं. तिनं फक्त मग खाली ठेवला, आणि तो ठेवताना कसलाही आवाज होऊ नये याची काळजी घेतली, जणू कुणी झोपलंय.

मग आदल्या दिवसाची आठवण हळूहळू वर आली. पुड्या भरून झाल्या होत्या, कुपी हातात होती, तेवढ्यात फोन वाजला. नव्वद वर्षांच्या असुंता कोलोसिमोचा. पाद्री येणार आहेत तर माझे पाय तासभर उशिरा चालतील का, आधी आत्मा की आधी अंगठा ते तूच ठरव. लोरीन हसली आणि हसता हसता कुपी पुड्यांवरच टाकून तिनं दार लावलं. कुपी घरंगळत मागे गेली असणार, मधल्या दाटीत. एरवी ती कुठे असायची? पुढच्या उजव्या कोपऱ्यात, दाराला लागून. अंगठ्याचा सांधा धरायला लागल्यापासून तिला आत हात घालून गरम ट्रेमधून काही उचलणं नको व्हायचं. पुढच्या कोपऱ्यातून चिमट्यानं टुपकन काढता यायची. आणि त्या कोपऱ्यात वाफ कायमच भरपूर. त्या कोपऱ्यात दगडसुद्धा शुद्ध झाला असता. तिनं कपाटातून जाडजूड फाइल काढली. स्वतःचं काम सुरू करताना नर्सांच्या नोंदणी मंडळानं सांगितलं होतं, तुमचं धोरण लेखी हवं; एका हिवाळ्यात तिनं बेचाळीस पानं लिहिली होती, शाळकरी मुलीच्या उत्साहानं, शीर्षकांखाली पट्टीनं रेघा मारून. पान तेवीस. 'चाचणीची कुपी यंत्रात सर्वांत आतल्या, सर्वांत दाट जागी ठेवावी, कारण वाफ तिथेच सर्वांत उशिरा पोचते.' अक्षर तिचंच. शाईसुद्धा ओळखीची, निळसर काळी, त्या वर्षी नवऱ्यानं वाढदिवसाला दिलेल्या पेनाची. नवरा पुढे सदबरीला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला; पेन राहिलं होतं.

सुरुवातीला यंत्र अर्धं रिकामं असायचं, तेव्हा कुपी कोपऱ्यात ठेवली काय आणि आत ठेवली काय, सारखंच होतं. पण दोन वर्षांपूर्वी गावातला पायांचा दवाखाना बंद झाला आणि चाळीस म्हाताऱ्यांचे त्र्याऐंशी झाले. नाही म्हणवेना. नाही म्हटलं तर ते स्वयंपाकघरातल्या कात्रीनं, चष्म्याशिवाय, स्वतःच कापत बसणार हे तिला ठाऊक होतं. मग पुड्या वाढल्या, एकीवर एक, डब्यातल्या हेरिंग माशांसारख्या चेपून. पुडीवरची पट्टी रंग बदलायची, यंत्राचा दिवा हिरवा लागायचा, कोपऱ्यातली कुपी जांभळी निघायची. वही खरं बोलत होती. दोन वर्षं तिच्यात एकही खोटं अक्षर नव्हतं. फक्त ती सगळी अक्षरं एका कोपऱ्याबद्दल होती. गुरुवारी तिनं तीन कुप्या ठेवल्या, पुढे, मध्ये, मागे. शुक्रवारी एक जांभळी, दोन पिवळ्या. विनिपेगच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावताना तिच्या मनात एक घाणेरडी आशा होती, आणि ती घाणेरडी आहे हे कळूनही ती विझत नव्हती. तो दुसऱ्या आठवड्यात आला, यंत्र उघडलं, झाकलं, नळ्या तपासल्या, आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं यंत्र माझ्या बायकोपेक्षा तंदुरुस्त आहे."

"नीट बघा. काहीतरी असेल. एखादं रबर, एखादी झडप."

"रबर नवंकोरं आहे. तुम्ही यात किती कोंबता?"

तिनं ट्रेवरची एक पुडी उचलून सरळ केली.

"सूटकेस बंद करायला वर बसावं लागतं, तसं कोंबता ना? सगळेच कोंबतात," तो म्हणाला, अगदी मायेनं, आणि पाठीवर थाप मारायला हात उचलून मग मारली नाही.

'सगळेच' या शब्दात ती दोन दिवस राहिली. मऊ होता. मग त्यातून तोइवोचा पाय बाहेर आला.

तोइवो रांताला जंगलात झाडं तोडण्यात म्हातारा झालेला, शहाऐंशीचा, साखरेचा जुना रोगी. त्याच्या पावलांना काही कळायचं नाही. टाचणी टोचली तरी तो वर्तमानपत्राचं पान उलटायचा. "हे माझे नाहीतच," तो दर खेपेला सांगायचा. "एक्कावन्न साली कॅम्पमध्ये कुणीतरी बुटांबरोबर पायही बदलून नेले. माझे देखणे होते. कुठल्यातरी स्वीडिश माणसाला आता मुली विचारत असतील." त्याची बायको हिल्का चुलीपाशी उभी राहून दर खेपेला तेच उत्तर द्यायची, "त्याला म्हणावं, वाससुद्धा घेऊन जा." फेब्रुवारीत लोरीननं त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कापलं, शिंगासारखं जाड, आणि पक्कड कोपऱ्यात किंचित घसरली. तांदळाच्या कणीएवढं रक्त. तिनं पुसलं, औषध लावलं, पट्टी बांधली, नोंद केली. असं वर्षातून चार वेळा होतं. पाच दिवसांनी हिल्काचा फोन आला, जरा येऊन जातेस का, पोरी, ह्यांचा पाय चांगला दिसत नाही. लोरीन पोचली तेव्हा पाऊल सुजून चकचकीत झालं होतं, घोट्यापर्यंत लाली चढत होती, आणि टाचेला एक फोड होता, पाण्यानं टम्म भरलेला. "हा कशानं?" तिनं विचारलं. हिल्का म्हणाली, आदल्या दिवशी सौनातलं, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीतलं, गरम पाणी घेऊन पाय शेकले, गारठले होते म्हणून. आणि लोरीन उकिडवी बसल्या जागी, वर न बघता, इस्पितळातल्या त्या जुन्या, सपाट, कामाच्या आवाजात म्हणाली, "पाणी किती गरम होतं?"

बस, एवढंच. ओरडली नाही, दोष दिला नाही. पण पुढे सगळं त्या पाण्यातच बुडालं. अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि एप्रिलमध्ये सरोवराचा बर्फ कडाडत फुटायला लागला त्या आठवड्यात तोइवो गेला. डॉक्टर म्हणाले, अशा पायाला निमित्त काहीही पुरतं. हिल्कानं निमित्त निवडलं होतं. लोरीननं आता ती फेब्रुवारीची नोंद काढून वाचली. 'पत्नीच्या सांगण्यानुसार गरम पाण्याने पाय शेकले. टाचेवर फोड, कातडी अखंड.' आणि चार ओळी खाली, 'लाली अंगठ्यापासून सुरू झालेली.' दोन्ही गोष्टी तिनं लिहिल्या होत्या, स्वच्छ, वेळेसकट. आणि चार ओळींचं अंतर ठेवून त्यांची एकमेकींशी गाठ पडू दिली नव्हती. फोड टाचेला. आग अंगठ्याला. हे तिला तेव्हा दिसलं होतं का? ती कित्येक दिवस या प्रश्नाभोवती फिरत राहिली, अंधाऱ्या खोलीत कपाटाला अडखळावं तशी. दिसलं असेल आणि हातानं आपणहून लिहिलं असेल, मनाला न विचारता. हातांना सवय होती.

घटना घडली की अर्ज भरायचा. अर्जही तिनंच बनवलेला होता, पान एकतीस. 'घटना कळवणाऱ्याचे नाव.' तिनं लिहिलं. 'कोणाला कळवले.' तिनं तेच नाव पुन्हा लिहिलं. 'वरिष्ठांनी केलेली कारवाई.' इथे पेन थांबलं. तिनं सगळ्या हत्यारांची पुन्हा वाफ केली, चार-चार पुड्यांच्या घाण्यात, दिवसभर. घरभर दमट धातूचा वास पसरला. त्र्याऐंशी म्हाताऱ्यांच्या याद्या काढल्या, पत्राचा मसुदा केला: हत्यारांना वाफ कदाचित अपुरी पडली असेल, रक्त तपासून घ्या, काळजीचं कारण बहुधा नाही, दिलगीर आहे. लिफाफे जेवणाच्या टेबलावर रांगेनं मांडले. मोजले तर ब्याऐंशी भरले. त्र्याऐंशीवं नाव तोइवोचं होतं, आणि मेलेल्या माणसाला कळवण्याबद्दल बेचाळीस पानांत कुठेही काही नव्हतं. मग तिनं मंडळाच्या सल्ल्याच्या नंबरावर फोन केला. पलीकडे एक तरुण आवाजाची बाई होती, पाण्यासारखी नितळ.

"तुमच्या संस्थेत अशा वेळी निर्णय कोण घेतं?" बाईंनी विचारलं.

"मी."

"आणि तुमच्या धोरणात काय म्हटलंय?"

"संबंधितांना प्रत्यक्ष सांगावं असं. मीच लिहिलंय ते."

"छान आहे की."

"एक माणूस गेलाय. त्या हत्यारांमुळेच गेला की नाही ते कधीच कळणार नाही. त्याच्या बायकोला वाटतं, तिनं मारलं."

तिकडे थोडा वेळ टकटक ऐकू आली, टायपिंगची. "हे तुमच्या व्यावसायिक विवेकावर आहे," बाई म्हणाल्या. "मी तुमच्या वतीनं ठरवू शकत नाही. आपण स्वतंत्र व्यवसाय करता ना?"

"हो."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. टोमणा असता तर धरायला काहीतरी मिळालं असतं. फोन ठेवल्यावर लोरीनला ती स्वतंत्र जागा दिसली, बर्फ धरलेल्या सरोवरासारखी, चारी बाजूंना सपाट, एकसुद्धा पाऊल उमटलेलं नाही, आणि मध्ये आपण, हातात नखं कापायची बॅग.

सोमवारी असुंताकडे गेली. असुंतानं पाय टबात सोडले आणि तोंड उघडलं. "बघ, बघ नीट. माझा नवरा एकोणपन्नास वर्षांत खाली इतका वाकला नाही. वाकला असता तर सात पोरं झाली नसती." लोरीननं नव्या पुडीतून पक्कड काढली. असुंता तिच्याकडे टक लावून बघत होती. "तुझा चेहरा उकडलेल्या कोबीसारखा का झालाय? पाद्रीसुद्धा विचारत होते."

"झोप नाही, असुंता."

"झोप कुणाला आहे! त्या फिनिश बाईला बघ, हिल्काला. कळलं का तुला? सौनाला कुलूप लावलंय तिनं. एप्रिलपासून. लाकडं तशीच रचलेली, वर शेवाळ आलं. आणि अंघोळ कशानं करते? थंडगार पाण्यानं! नळाच्या! मी म्हटलं, बाई गं, आमच्याकडे पापाला पाच जपमाळा देतात, तुमच्याकडे न्यूमोनिया देतात होय? तर म्हणते, गरम पाण्यावर माझा विश्वास नाही." असुंतानं दोन्ही हात वर केले. "पाण्यावर! ते बिचारं काय करणार आहे? लोरीन, दुखतंय, दाबू नकोस एवढं."

लोरीननं पकड सैल केली. हिल्का तिच्याकडेही पाय दाखवायची, सहा आठवड्यांनी एकदा. जूनमध्ये, मग जुलैअखेरीला, सप्टेंबरात तिच्या तळव्याला हात लावल्यावर तो तळ्यातून काढलेल्या माशासारखा लागला होता, आणि लोरीननं नोंदवहीत लिहिलं होतं: 'पावले थंड. रक्ताभिसरणाकडे लक्ष ठेवावे.' किती लक्ष ठेवलं होतं तिनं! आयुष्यभर लक्षच ठेवत आली. असुंताचा अंगठा हातात धरून तिला एकाएकी असं वाटलं की आपण कधी कुणाच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. चाळीस वर्षं माणसं आपल्याला घोट्यापर्यंतच माहीत आहेत.

अशी ही मंगळवारची सभा भरली. पर्शियन चवीला नेहमीसारखा होता, हा एक धक्काच होता तिला. ठराव कर्मचाऱ्यांनी मांडला: उद्या हिल्का रांतालाची वेळ ठरलेली आहे, तिला तोंडी, प्रत्यक्ष, सर्व सांगावं, मी कुपी चुकीच्या जागी ठेवत होते, आग अंगठ्यातून चढली, पाण्याचा दोष नव्हता. मालकीणबाईंनी विरोध केला. त्यांचं म्हणणं, पाण्याचा दोष नव्हता हे तरी कुणाला ठाऊक आहे? आपण एका अंदाजाच्या जागी दुसरा अंदाज देणार, आणि त्यापायी नोंदणी जाईल, मग ब्याऐंशी म्हातारे चष्म्याशिवाय कात्री घेऊन बसतील. त्यांच्या बोलण्यात काहीच खोटं नव्हतं, वहीतल्या 'पास'सारखंच. सचिवांनी तटस्थ राहून नोंद घेतली. एक विरुद्ध एक. मग अध्यक्षांचं निर्णायक मत. अध्यक्ष बराच वेळ खिडकीच्या वरच्या पट्टीतून दिसणाऱ्या गवताकडे बघत बसल्या. त्यांनी स्वतःचा हात बघितला, अंगठ्याचा फुगलेला सांधा, आणि तो हात विरोधात वर केला. ठराव नामंजूर. तिनं ते लिहिलं, खाली सही केली, आणि डोकं वहीवर टेकून बसली. रडू येईल म्हणून वाट बघितली. कागदाला थोडा आयसिंगचा वास होता, बाकी काही नाही. आपल्यात कुणीच उरलेलं नाही, असं तिला वाटलं. चौघीही उठून गेल्या आणि दिवा तेवढा लावून ठेवलाय.

तरी बुधवारी सकाळी तिनं हिल्काच्या नावाचा लिफाफा ब्याऐंशीतून बाजूला काढला आणि बॅगेत टाकला. ठराव मोडून नव्हे. काय म्हणून, ते तिला सांगता आलं नसतं; पाय निघाले. गाडीत ती सगळा रस्ता एकच शब्द म्हणत गेली, 'मी'. मी ठेवत होते. मी कोंबलं. मी लिहिलं. आर्थर स्ट्रीटच्या सिग्नलला शेजारच्या ट्रकमधला माणूस तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघून हसला, त्याला वाटलं असेल बाई गाणं म्हणतेय. हिल्काच्या अंगणात लाकडं खरंच तशीच रचलेली होती. सौनाच्या दाराला सायकलीचं कुलूप. आत स्वयंपाकघरात वेलदोड्याचा पाव भाजल्याचा वास, कॉफी, आणि चुलीपाशी हिल्का, चौऱ्याऐंशीची, ताठ, पायांत पुरुषी लोकरी मोजे.

"ये, पोरी. आधी कॉफी. पाय कुठे पळून जात नाहीत."

"आधी पाय बघू, हिल्का."

"तुझ्या मनाचं कर. घर तुझंच आहे. तोइवो म्हणायचा, ही बाई आली की मी माझ्या घरात पाहुणा."

लोरीन उकिडवी बसली. मोजे उतरवले. पावलं पांढरी, निळ्या शिरांची, इतकी गार की तिच्या तळहातात कळ गेली. लोरीन ती धरून राहिली. नखं कापायला घेतली नाहीत. वर घड्याळ चाललं होतं. आता, तिनं स्वतःला सांगितलं. मी. तोंड उघडलं, आणि इस्पितळातला तो सपाट, कामाचा आवाज आपणहून सुरू झाला, जसा चाळीस वर्षं होत आला होता.

"हिल्का, तुम्हाला एक सांगायचंय. माझं वाफेचं यंत्र बिघडलं होतं."

"कधी?"

"फेब्रुवारीत. तोइवोचे पाय केले त्या आठवड्यात. वाफ आतपर्यंत पोचत नव्हती. मला आत्ता, आत्ता कळलं. त्यांच्या अंगठ्याला लागलं होतं ना, आठवतं? आग तिथून चढली. टाचेतून नाही. ते पाण्यानं झालं नाही, हिल्का. तुमच्या पाण्यानं झालं नाही."

सांगून झालं. जवळजवळ सगळं खरं होतं. एकच शब्द बदलला होता, जिथे 'मी' यायचा तिथे यंत्र आलं होतं. आणि तिला वाटलं, चालेल, एवढं चालेल, हिच्या पाठीवरचा दगड तर उतरेल, माझा मी नंतर उचलीन, एकटीनं, सवडीनं. तिनं बॅगेतून लिफाफा काढून हिल्काच्या मांडीवर ठेवला. हिल्कानं तो उघडला, चष्मा शोधला, लावला, पत्र वाचायला दूर धरलं, ओठ हलवत दोनदा वाचलं. मग नीट घडी घालून पुन्हा लिफाफ्यात सरकवलं. हात पुढे केला आणि लोरीनच्या हनुवटीखाली दोन गार बोटं लावून तिचं तोंड वर केलं.

"इकडे बघ."

लोरीननं बघितलं. इतक्या जवळून तिनं हा चेहरा कधी पाहिला नव्हता. डोळे जवळजवळ रंगच नसलेले, पाण्याचे. त्यांत काहीतरी हललं, आणि तिला क्षणभर वाटलं की आता मारतील, आणि तिला ते हवंहवंसं वाटलं, कुणीतरी वरून हात उगारावा, अकरा वर्षांत एकदा.

"मान लाल झालीय तुझी, पार कानापर्यंत," हिल्का म्हणाली.

"हिल्का, मी..."

"गप्प. मला सांगू दे." तिचा आवाज मऊ होता, आणि मग स्वयंपाकघराबाहेर कुणाला ऐकवायचं असावं तसा मोठा झाला. "खोटं आहे हे. तुझं यंत्र बिघडलं नव्हतं. कधीच बिघडलं नव्हतं. बिघडलं असतं तर त्याच दिवशी, बर्फाच्या वादळातून चालत येऊन, दारात उभी राहून सांगितलं असतंस तू, तसलीच आहेस. त्या पायाला काय झालं ते मला माहीत आहे, पाणी मी ओतलं होतं. तोइवोला फसवायचीस गोळ्या कडू नाहीत म्हणून, तशी आता मला फसवायला निघालीस? स्वतःच्या नावाला काळं लावून?" तिनं लिफाफा लोरीनच्या हातात परत दिला, वर तिची बोटं मिटवली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "माझ्यासाठी, पोरी, इतकं खोटं! आणि वर कागदसुद्धा टाइप करून आणलास!"